व्यक्तिशः ओळखतात

कापडणीस साहेबांनी एकदा स्वतःलाच कारखान्याच्या गेटवर अडवलं होतं.

ही गोष्ट मी नोकरीला लागण्याआधीची, नव्वदच्या दशकातली. पण अंबडच्या आमच्या कारखान्यात नव्या माणसाला ती पहिल्याच आठवड्यात ऐकवली जायची. साहेब तेव्हा टाइम ऑफिसात होते. हजारभर कामगारांची ओळखपत्रं त्यांच्या सहीनं निघत. एका सकाळी ते कंपनीच्या बसमधून उतरले, खिसा चाचपला, तर स्वतःचं कार्ड घरी. वॉचमन म्हणाला, "साहेब, चला की आत. तुम्हाला कोण ओळखत नाही?" साहेब म्हणाले, "कार्ड नसलेल्याला आत सोडायचं तर चिठ्ठी लागते. ती चिठ्ठी देणारा मीच. मी मलाच ओळख कशी देऊ?" आणि समोरच्या टपरीवर जाऊन बसले. टपरीवाल्याच्या फोनवरून नाशिक रोडला शेजाऱ्यांकडे निरोप गेला. मंदाकाकू, म्हणजे त्यांची बायको, दोन बस बदलून कार्ड घेऊन आली तेव्हा साडेअकरा वाजले होते. साहेबांनी कार्ड दाखवलं, आत गेले आणि स्वतःच्या नावावर अर्ध्या दिवसाची रजा लावली.

मी दोन हजार एक साली कॉम्प्युटर विभागात लागले. माझ्याकडे पदवी होती आणि पदवीचा माज होता, हे आता कबूल करायला हरकत नाही. टाइम ऑफिसची टेबलं तेव्हा आमच्याच हॉलमध्ये होती, आणि शेजारच्या टेबलावर पन्नाशी ओलांडलेला, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावणारा हा गृहस्थ बसलेला. मी नाव सांगितलं, वैशाली शेवाळे.

"पूर्ण."

"वैशाली मधुकर शेवाळे."

"इथे ओळखणारं कोण?"

मी म्हटलं, कोणीच नाही, मुलाखत देऊन लागले. त्यांनी माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं आणि म्हणाले, "असू दे. होईल हळूहळू." माणूस खडूस आहे असं मी त्याच दिवशी ठरवून टाकलं.

'ओळखणारं कोण?' हा त्यांचा परवलीचा प्रश्न. फोन उचलला की हॅलोच्या जागी तो. नवा भाजीवाला दारात आला की तो. माझं लग्न ठरलं तेव्हा मी पेढे घेऊन गेले, तर पेढा हातात धरून विचारलं, "मुलाला ओळखणारं कोण?" मी म्हटलं, त्याचे मामा आमच्या नात्यात आहेत. "मामाला ओळखणारं?" मामा एकलहऱ्याला पॉवर स्टेशनात होते. साहेबांनी तिथल्या कोणा बागूलला फोन लावला. बागूल मामांना ओळखत होता. पण बागूलला साहेब नुसते तोंडओळखीनं ओळखत, म्हणून बागूलला ओळखणारं कोण, अशी आणखी एक पायरी चढले. शेवटी चौकशी देवळालीच्या एका निवृत्त मास्तरांपाशी पोचली. त्या मास्तरांनी साहेबांना सहावीत गणित शिकवलेलं. साहेबांनी फोन ठेवला, पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "चालेल." मला संताप आला होता. पण घरी गेल्यावर माझ्या वडिलांना हे सांगितलं, तर ते म्हणाले की एवढी चौकशी मीसुद्धा केली नव्हती.

टाइम ऑफिसातला माणूस कॉम्प्युटर विभागात कसा आला, ते सांगायला हवं. आमचा दुसरा कारखाना सिन्नरला. अंबडचा कॉम्प्युटर सिन्नरच्या कॉम्प्युटरला माल पाठवायचे हुकूम देणार, तेही टेलिफोनच्या तारेवरून, मधे माणूस नाही. तेव्हा सिन्नरच्या मशीनला कळणार कसं, की हुकूम देणारा अंबडचाच आहे, वाटेत तारेवर टपून बसलेला कोणी भामटा नाही? यासाठी मशीनला सर्टिफिकेट द्यायचं. हे समजावायला पुण्याहून एक इंजिनियर आला होता. त्यानं भिंतीवर चित्रं दाखवली, बाण काढले. आम्ही सगळ्या पदवीधरांनी माना डोलावल्या. कळलं कोणालाच नव्हतं. मागच्या खुर्चीवर चहाच्या कपांचा हिशेब विचारायला येऊन बसलेले साहेब तेवढे उठून म्हणाले, "हे आमचं गेटच आहे की."

आणि त्यांनी आम्हाला समजावलं. मशीनला एक कार्ड द्यायचं. कार्डावर मशीनचं नाव, मुदत आणि देणाऱ्याची सही. सिन्नरच्या मशीननं अंबडच्या मशीनला बघितलेलं नसतं. पण सही करणाऱ्याच्या सहीचा नमुना त्या मशीनजवळ आधीच ठेवलेला असतो. सही जुळली की कार्ड खरं. "पण कार्ड चोरीला गेलं तर?" मी मुद्दाम विचारलं. ते म्हणाले, "कार्ड सगळ्यांना दाखवायचंच असतं, ते चोरून काय मिळणार? त्या कार्डाच्या जोडीची एक किल्ली असते. ती मशीननं कोणालाच दाखवायची नाही. समोरचा एक कोडं घालतो, ते त्या किल्लीनंच सुटतं. कोडं सोडवलं की समजायचं, कार्डावरचं नाव याचंच."

"आणि सही करणाऱ्याला ओळखणारं कोण?" पुण्याचा इंजिनियर हसत म्हणाला. त्याला वाटलं, म्हातारा अडकला.

साहेब हसले नाहीत. म्हणाले, "त्याच्यावर एक असेल. त्याच्यावर आणखी एक. पण कुठेतरी शेवटचा येतोच. त्याला ओळखणारं कोणी नसतं. त्याला मानायचं असतं. म्हणून तर तो शेवटचा माणूस नीट निवडायचा."

व्यवस्थापनानं त्यांनाच निवडलं. सगळ्या सर्टिफिकेटांवर ज्या मूळ किल्लीनं सही व्हायची, ती किल्ली असलेला कॉम्प्युटर कुठल्याही तारेला जोडायचा नाही, असा नियम होता. साहेबांनी तो स्टोअरमागच्या खोलीत ठेवला, त्याला मंदाकाकूंनी शिवलेला जाड मांजरपाटाचा अभ्रा घातला आणि खोलीला दोन कुलुपं लावली. दसऱ्याला कारखान्यात सगळ्या मशीनना हळदकुंकू लागतं. भटजींना त्या खोलीत नेताना साहेबांनी आधी त्यांचं पूर्ण नाव वहीत लिहून घेतलं.

सर्टिफिकेटाची मुदत वर्षाची. एकदा सिन्नरच्या मशीनची मुदत शुक्रवारी संपली आणि माल अडला. खरेदी विभागाचे मॅनेजर तावातावानं आले. "अहो, कालपर्यंत तेच मशीन होतं ना? एका रात्रीत काय बदललं?" साहेब म्हणाले, "ते बघायलाच चाललोय." आणि एसटीनं सिन्नरला गेले. मशीन जागेवर आहे, मागचा क्रमांक तोच आहे, त्याच्यापाशी बसणारा माणूसही तोच आहे, हे डोळ्यांनी पाहून परत आले आणि मग नव्या सर्टिफिकेटावर सही केली. मुदत संपायच्या आधी का गेला नाहीत, असं मी विचारलं. त्या आठवड्यात मंदाकाकूंचं वर्षश्राद्ध होतं. हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं.

मूलबाळ नव्हतं. नाशिक रोडच्या दोन खोल्यांत आता ते एकटे. गावी, नामपूरला, म्हातारी आई. तिच्यासाठी तिथं साहेबांनी स्वतःच्या नावावर एक लहानसं घर बांधलं होतं. आणि एक धाकटा भाऊ होता, भिका. तो सतरा वर्षांचा असताना घरात भांडून कांद्याच्या ट्रकवर बसून निघून गेला, तो गेलाच. ही गोष्ट साहेबांनी मला एकदाच सांगितली, तीही भांडण कशावरून झालं ते न सांगता. त्यांनी भिकाचा एक जुना फोटो कार्डाच्या फोटोइतका लहान करून पाकिटात ठेवला होता.

दोन हजार तीन सालच्या उन्हाळ्यात एका सोमवारी ते डबा न उघडताच बसून राहिले. मी विचारलं तर म्हणाले, "घरी एक माणूस आलाय. आईनं ओळखलं. भिका म्हणतेय."

सगळ्या विभागात धावपळ झाली. तीस वर्षांनी भाऊ परत आला म्हणजे काय थोडी गोष्ट आहे? कोणी पाठ थोपटली, कोणी पेढे मागितले. साहेब म्हणाले, "पेढे नकोत." आम्हाला वाटलं, भावना अनावर झाल्या असतील.

पुढची तीन वर्षं साहेब दर पंधरा दिवसांनी नामपूरला जायला लागले. त्याआधी ते दिवाळीलाच जात. आईला आता नीट दिसत नव्हतं. भिकाभाऊ तिचं सगळं करायचा, तिला आंघोळ घालण्यापासून भाकरी कुस्करून भरवण्यापर्यंत. दोन हजार सहाला ती गेली, त्याच वर्षी साहेब निवृत्त झाले, आणि निवृत्तीनंतर चारच महिन्यांत त्यांच्या छातीत दुखलं. मी दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा पायाशी एक काळासावळा, काटक माणूस बसला होता. साहेब म्हणाले, "हा नामपूरहून आलाय." तोच भिकाभाऊ.

दवाखान्यातून आल्यावर साहेबांच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. मालेगावला त्यांची बहीण. तिला आणि तिच्या मुलांना हा माणूस पहिल्या दिवसापासून तोतया वाटत होता. आजीला दिसत नव्हतं, तिचं काय धरून बसायचं, असं भाचे उघड बोलत. साहेब मला म्हणाले, "वैशाली मधुकर, मी आज गेलो तर उद्या ते त्याला घराबाहेर काढतील. पन्नाशीचा माणूस, जाणार कुठे? नामपूरचं घर मी त्याला बक्षीसपत्रानं लिहून देणार आहे."

बक्षीसपत्र सटाण्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवायचं. तिथं दोन साक्षीदार लागतात. ते कशाला, तर देणाऱ्याघेणाऱ्यांना आम्ही व्यक्तिशः ओळखतो आणि त्यांची ओळख पटवितो, असं लिहून द्यायला. एक साक्षीदार मिळाला होता, आईला औषध द्यायला येणारा कंपाउंडर. दुसरा गावात मिळेना. भाच्यांशी वाकडं घ्यायला कोणी तयार नव्हतं. साहेब माझ्याकडे आले होते ते त्यासाठी.

मी म्हटलं, "साहेब, तुम्हाला मी ओळखते. पण त्यांना एकदाच दवाखान्यात बघितलंय."

"म्हणून तर आधी सांगतोय," ते म्हणाले. "ओळख करून घे. मग सही कर. खोटी सही मी तुझ्याकडून घेणार नाही."

भिकाभाऊ दुखण्यापासून साहेबांकडेच राहत होता. त्यानंतर दर रविवारी दहाच्या ठोक्याला दोघं आमच्या जेलरोडच्या घरी यायचे. साहेब कोपऱ्यातल्या खुर्चीवर पेपर वाचत बसायचे, मुळीच बोलायचे नाहीत. ओळख आम्ही करून घ्यायची. पहिले दोन रविवार भयंकर अवघडल्यासारखे गेले. माझा नवरा हवापाण्यावर बोलून थकला. तिसऱ्या रविवारी भिकाभाऊनं आमच्या मुलीची तुटलेली बांबूची टोपली घेतली आणि बोलता बोलता विणून दिली. चौथ्या रविवारी तो स्वयंपाकघरात आला आणि त्यानं नागलीची भाकरी थापली, पातळ, एकसारखी. मी म्हटलं, "तुमच्या नामपूरकडे, बागलाणात तर बाजरी ना? ही कुठे शिकलात?" तो म्हणाला, "पोटासाठी लय ठिकाणी फिरलोय, ताई." त्याच्या बोलण्यात नामपूरकडची अहिराणी नव्हती. तीस वर्षं बाहेर काढल्यावर कुठली राहणार, असं मला वाटलं.

मधूनच साहेब परीक्षा घ्यायचे. "त्याला राग कशाचा येतो?" भाकरी टाकून दिली की. "झोपताना काय करतो?" दार दोनदा बघतो. "भीती कशाची?" हे मला आलं नाही. साहेब म्हणाले, "मग अजून दोन रविवार."

भिकाभाऊला मी ओळखायला लागले होते हे खरं. पण एक गोष्ट मला टोचत होती. हा माणूस चांगला आहे हे मी शपथेवर सांगेन. पण हा भिका नामदेव कापडणीस आहे, हे मी कशाच्या जोरावर सांगायचं? आईनं ओळखलं म्हणून? नवरा म्हणाला, सही करून मोकळी हो, एवढा विचार कोण करतं. पण ज्या माणसाच्या शेजारी मी पाच वर्षं बसले होते, तो एवढा विचार करायचा. त्याच्यासाठीच खोटी सही करायची वेळ यावी याचं मला वाईट वाटत होतं, आणि सही केली नाही तर एका माणसाचं छप्पर जाणार होतं.

सटाण्याला गेलो त्या दिवशी कार्यालयाच्या व्हरांड्यात साहेबांनी दस्त माझ्या हातात दिला. "वाच. वाचल्याशिवाय सही करायची नाही."

लिहून देणार, वसंत नामदेव कापडणीस. लिहून घेणार, काशिनाथ रामा गावित, राहणार मूळ तालुका सुरगाणा. मी पुन्हा वाचलं.

"साहेब, हे कोण?"

"हाच."

"तुम्ही चार वर्षं सगळ्यांना सांगत होतात..."

"मी काय सांगत होतो?" त्यांनी शांतपणे विचारलं. "हा माझा भाऊ आहे, असं मी तुला कधी म्हणालो?"

मी आठवून पाहिलं. आईनं ओळखलं, एवढंच ते म्हणाले होते. नामपूरहून आलाय, एवढंच म्हणाले होते.

मग त्यांनी सांगितलं. काशिनाथ नामपूरच्या कांदा मार्केटात हमाली करायला आला होता. सुरगाण्याकडच्या पाड्यावर त्याचं कोणी उरलं नव्हतं. उन्हाचा पाणी मागायला दारात आला, आणि आईनं त्याचा हात धरला. "उना का रे भिका? बठ, भाकर खाई ले." साहेब पोचले त्या दिवशीच त्यानं त्यांना मागच्या दारी नेऊन सांगितलं, साहेब, मी तुमचा भाऊ नाय. म्हातारीनं हात धरला, माझ्यानं सोडवंना.

"मी म्हटलं, नको सोडवू," साहेब म्हणाले. "माझा हात तिनं असा धरला असता तर मी तिथं थांबलो असतो का? मी नाशिकला कार्डं तपासत होतो."

"मग गावाला, बहिणीला का नाही सांगितलंत?"

"आईच्या कानावर गेलं असतं. ती गेल्यावर सांगायचं मला जमलं नाही." मग माझ्या हातातल्या दस्तावर बोट ठेवून म्हणाले, "पण कागदावर चुकीचं नाव लिहिणार नाही. त्याच्या पाड्यावर जाऊन आलोय. तिथल्या तीन माणसांना भेटलो, त्याला लहानपणापासून ओळखणाऱ्या. हा काशिनाथच आहे."

मी काशिनाथकडे पाहिलं. तो खाली बघत होता. टोपली विणणारा, भाकरी टाकली की चिडणारा, दार दोनदा बघणारा हा माणूस मला ठाऊक होता. फक्त त्याचं नाव मला चुकीचं माहीत होतं. मी सही केली.

आत कॅमेऱ्यापुढे एकेकाला बोलवत होते. कारकुनानं साहेबांना विचारलं, "घेणारे तुमचे कोण? जवळचं नातं असतं तर मुद्रांक कमी लागला असता."

साहेबांनी समोरचा दस्त नीट सरळ केला. मग म्हणाले, "नातं काही नाही."

"काशिनाथ रामा गावित," कारकुनानं पुकारलं.

कोणीच हललं नाही. काशिनाथ माझ्या शेजारीच बाकावर बसला होता आणि इतरांबरोबर तोही दाराकडे बघत होता, कोण येतंय म्हणून. कारकुनानं पुन्हा पुकारलं. तेव्हा साहेब मागे वळले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू म्हणाले, "काशिनाथ, तुला बोलावतायत." चार वर्षांत त्या नावानं त्याला कोणी हाक मारली नव्हती. तो उठला, कॅमेऱ्यापुढे बसला, अंगठा दिला. फोटोत त्याचे डोळे भरलेले आले आहेत. कारकून म्हणाला, पुसा आणि परत बसा, पण साहेब म्हणाले, "राहू द्या. त्याचाच आहे."

काम संपलं. कंपाउंडर त्याच्या गाडीनं गेला. काशिनाथ चहा आणायला रस्त्यापलीकडे गेला, आणि आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसलो. मला वाटलं, आता साहेबांना हलकं वाटत असेल. मी तसं म्हणालेही. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून.

"कोणी विचारायचं, भिका आला म्हणे, तर मी गप्प बसायचो," ते म्हणाले. "ना हो म्हणायचो, ना नाही. मी गप्प बसलो की तो आलेला असायचा. चार वर्षं तो घरी होता. आज मीच लिहून दिलं की नातं काही नाही." त्यांनी रुमालानं डोळे पुसले. "आता तो कुठे असेल गं?"

पाच वर्षं शेजारी बसून मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. मी त्यांचा हात धरून बसले. काशिनाथ तीन ग्लास घेऊन आला. त्यानं साहेबांचा चेहरा पाहिला, एक ग्लास पुढे केला आणि म्हणाला, "दादा, चहा."

साहेबांनी ग्लास घेतला आणि सरकून त्याला बाकावर जागा करून दिली.